गस्तीची गाडी आणि हायब्रिड इंजिन

अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे शहर आहे. पोलिसांच्या कामासाठी म्हणून मुद्दाम बांधलेली पहिली स्वयंचलित गाडी १८९९ साली या शहरात रस्त्यावर आली, असे मोटारींच्या इतिहासात नमूद आहे. आजच्या वाचकाला नवल वाटावे अशी गोष्ट ही की, ती गाडी पेट्रोलवर चालत नव्हती. ती विजेवर चालत होती. तिचा वेग ताशी १६ मैल, म्हणजे सुमारे २६ किलोमीटर होता. तिला पहिली कामगिरी मिळाली ती एका झिंगलेल्या माणसाला उचलून आणण्याची! पुढच्याच वर्षी त्या शहरात मोठी दंगल उसळली आणि खवळलेल्या जमावाने ती गाडी कालव्यात ढकलून दिली.

त्यानंतर पेट्रोलचे युग आले. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य किमतीच्या गाडीत बसविले, तेव्हापासून दांडगे इंजिन आणि पोलिसांची गाडी यांचे नाते अमेरिकेत पक्के झाले. त्याच कंपनीची ‘क्राउन व्हिक्टोरिया’ ही ४·६ लिटरच्या इंजिनाची भारदस्त गाडी अनेक वर्षे तेथील गस्तीचे जणू बोधचिन्हच होऊन राहिली होती. तिचे उत्पादन २०११ साली थांबले. आणि आता, सव्वाशे वर्षांनंतर, त्याच देशात पोलिसांच्या गाडीत पुन्हा बॅटरी आली आहे. फरक एवढाच की, या वेळी ती एकटी आलेली नाही. पेट्रोलच्या इंजिनाचा हात धरून आली आहे. ही जोडी पोलिसांच्या कामाला योग्य आहे काय, या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

‘हायब्रिड’ हा शब्द आपल्या वाचकांना अपरिचित नाही. संकरित ज्वारी शेतात आली तेव्हापासून खेड्यापाड्यांतील माणसेही तो सर्रास वापरतात. दोन निराळ्या वाणांचे गुण एका कणसात आणणे हा जसा संकरित बियाण्याचा हेतू, तसा दोन निराळ्या शक्तींचे गुण एका गाडीत आणणे हा हायब्रिड मोटारीचा हेतू होय. ही कल्पनाही नवी नाही. फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याने १९०० साली व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यात पेट्रोल इंजिन, जनित्र आणि विजेची मोटर यांचा मेळ घातलेली गाडी तयार केली होती. परंतु मोठ्या प्रमाणावर अशा गाड्या विकण्याचा मान जपानच्या टोयोटा कंपनीच्या ‘प्रियस’ गाडीकडे जातो. ती १९९७ च्या डिसेंबरात जपानात विक्रीस आली.

हायब्रिड गाडीचे कार्य समजण्यास प्रथम पेट्रोल इंजिनाचा एक दोष ध्यानी घेतला पाहिजे. हे इंजिन मध्यम वेगाने आणि भरपूर भाराखाली चालते, तेव्हा ते आपले काम बऱ्यापैकी करते. परंतु गाडी उभी आहे आणि इंजिन नुसते घुमत आहे, अशा वेळी जळणारे पेट्रोल बहुतांशी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या मोटरची गोष्ट नेमकी उलट आहे. ती गाडी हलविण्याच्या पहिल्या क्षणीच पूर्ण जोर लावते आणि काम नसले की स्वस्थ राहते. तेव्हा ती काहीच खात नाही. हायब्रिड गाडीत या दोघांना एकमेकांच्या उणिवा भरून काढण्यास लाविलेले असते. उभी असताना किंवा हळू चालताना इंजिन बंद, मोटर चालू; वेग वाढला की इंजिन चालू; आणि अकस्मात जोर हवा असेल तर दोघेही बरोबर.

तिसरा लाभ ब्रेकचा. साध्या गाडीत ब्रेक दाबला म्हणजे गतीची सारी ऊर्जा घर्षणाने तापून नाहीशी होते. हायब्रिड गाडीत त्या वेळी मोटर जनित्राचे काम करते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. २,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ४,००,००० ज्यूल भरते. घरच्या वीजबिलावर जे ‘युनिट’ असते, त्यात ३६,००,००० ज्यूल असतात. म्हणजे अशी गाडी नऊ वेळा थांबविली, तर एक युनिट ऊर्जा केवळ ब्रेक तापविण्यात खर्ची पडते! हायब्रिड गाडीला ती सगळीच परत मिळत नाही, हे खरे. तथापि थेंबे थेंबे तळे साचे, हा न्याय येथे लागू पडतो. शहरात गस्त घालणारी गाडी एका पाळीत शेकडो वेळा थांबते, हे ध्यानात घेतले म्हणजे या थेंबांचे महत्त्व कळेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादे साधन एखाद्या कामास योग्य आहे की नाही, हे ठरविण्यापूर्वी ते काम कोणते, हे नीट पाहिले पाहिजे. पोलिसांची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातील पाठलाग उभा राहतो: भोंगा वाजत आहे, चाके किंचाळत आहेत आणि गुन्हेगाराची गाडी वळणावर दिसेनाशी होत आहे. परंतु गस्तीच्या गाडीचा दिवस खरोखर असा जातो काय? फोर्ड कंपनीने २०१७ साली आपली पहिली हायब्रिड गस्तीगाडी जाहीर केली, तेव्हा तिने असा अंदाज दिला होता की, गस्तीच्या गाडीचा ६१ टक्क्यांपर्यंत वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहण्यात जातो. आठ तासांच्या पाळीचा हिशोब केल्यास हे सुमारे ४·९ तास होतात.

गाडी उभी असताना इंजिन बंद का करीत नाहीत, अशी शंका वाचकांच्या मनात येण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर गाडीच्या आत आहे. अमेरिकेतील गस्तीची गाडी हे एक चालते कार्यालयच असते. तिच्यात बिनतारी संदेशाचे यंत्र, संगणक, छायाचित्रण करणारा कॅमेरा आणि छपरावरचे झगझगणारे दिवे असतात. अपघाताच्या जागी तासन्‌तास दिवे चालू ठेवावे लागतात. उन्हाळ्यात आत बसलेल्या शिपायाला, आणि कित्येकदा त्याच्यासोबतच्या कुत्र्यालाही, गारवा लागतो. हिवाळ्यात ऊब लागते. हे सर्व साध्या बॅटरीवर चालवू गेल्यास ती थोड्याच वेळात रिकामी होईल आणि ऐन प्रसंगी गाडी सुरूच होणार नाही. म्हणून बिचारे इंजिन रात्रंदिवस घुमत राहते.

त्या घुमण्याची किंमत किती? कंपनीच्या त्याच अंदाजाप्रमाणे साध्या गस्तीगाडीचे इंजिन उभ्या स्थितीत तासाला ०·२७ गॅलन, म्हणजे सुमारे १ लिटर पेट्रोल जाळते. एक लिटर पेट्रोलात स्थूलमानाने ९ युनिट ऊर्जा असते. आता समजा, गाडीतील दिवे, संगणक आणि गारव्याचे यंत्र यांना मिळून तासाला १ युनिट वीज लागते. म्हणजे एका युनिटासाठी आपण नऊ युनिट जाळले! चहाच्या एका पेल्यासाठी न्हाणीघराचा बंब पेटविण्यासारखेच हे झाले.

हायब्रिड गाडीत हे एक युनिट बॅटरीतून येते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हा नियम बॅटरीलाही चुकत नाही. ती उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. मात्र ते आता नुसते घुमत नाही. भाराखाली नीट काम करून थोड्या मिनिटांत बॅटरी भरते आणि पुन्हा गप्प बसते. पेट्रोलातील ऊर्जेचा एक चतुर्थांश भाग या रीतीने विजेत उतरतो असे धरले, तर एका युनिटासाठी चार युनिट, म्हणजे अर्ध्या लिटरहून किंचित कमी पेट्रोल पुरे होते. एका पाळीत अडीच लिटरांहून अधिक बचत झाली. एका गाडीची बचत किरकोळ वाटेल. परंतु दिवसाच्या दोन पाळ्या, वर्षाचे ३६५ दिवस आणि एखाद्या मोठ्या शहराच्या हजारो गाड्या असा गुणाकार केला म्हणजे रक्कम केवढी होते, ते विद्यार्थ्यांनीच काढून पाहावे. हा पैसा नागरिकांनी भरलेल्या कराचा असतो, आणि उभ्या इंजिनातून निघणारा धूर त्याच नागरिकांच्या व गाडीपाशी उभ्या असलेल्या शिपायाच्या छातीत जातो.

येथे मोजमापाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. गाडी काटकसरी आहे की नाही, हे आपण ‘लिटरला किती किलोमीटर’ या मापाने ठरवितो. २०२० च्या नमुन्याची फोर्डची मोठी हायब्रिड गस्तीगाडी अमेरिकन सरकारच्या मापनात गॅलनला २४ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १० किलोमीटर उतरली. तिच्या आधीची साधी गाडी गॅलनला १७ मैल, म्हणजे लिटरला ७ किलोमीटरांच्या आसपास जात असे. हा लाभ मोठाच आहे. परंतु उभ्या गाडीचे किलोमीटर शून्य असतात, आणि तिने उभ्याने जाळलेल्या पेट्रोलाचा हिशोब या मापात जवळजवळ येतच नाही. अर्थात् जी गाडी निम्म्याहून अधिक वेळ उभी राहते, तिचा खरा लाभ या आकड्याहूनही अधिक असणार. माप चुकीचे निवडले तर खरे उत्तर दडून राहते, हा धडा केवळ मोटारींपुरता नाही.

असो. आतापर्यंतचे विवेचन हायब्रिडच्या बाजूचे झाले. परंतु कोणीही अनुभवी पोलीस अधिकारी आम्हांस विचारील की, “दिवसाचे तेवीस तास एकोणसाठ मिनिटे तुमची गाडी काटकसर करील, पण उरलेल्या एका मिनिटात ती दगा देणार नाही ना?” हा प्रश्न रास्त आहे. तलवार वर्षभर म्यानात राहते म्हणून ती बोथट चालत नाही.

आरंभीच्या हायब्रिड गाड्यांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. त्या आटोपशीर बांध्याच्या आणि सावकाश वेग घेणाऱ्या होत्या. शस्त्रे, संदेशयंत्र आणि कैद्याला बसविण्याची जाळीबंद जागा यांना त्यांत पुरेसा वाव नव्हता. म्हणून पोलिसांनी त्या घेतल्या त्या मुख्यतः वाहने उभी करण्याच्या नियमांची तपासणी, कार्यालयीन फेऱ्या अशा सौम्य कामांसाठी. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २००९ साली प्रत्यक्ष गस्तीच्या कामीही काही हायब्रिड गाड्या उतरविल्या. परंतु त्या मूळच्या घरगुती गाड्याच होत्या.

पाठलागाची गाडी निराळ्याच घडणीची लागते. तिचे ब्रेक वारंवार जोराने दाबले तरी तापून निकामी होता कामा नयेत. पदपथाच्या कडेवर चढली तरी चाक मोडता कामा नये. तासभर भरधाव नेली तरी इंजिन उकळता कामा नये. मिशिगन राज्याचे पोलीस दरवर्षी नव्या गस्तीगाड्यांची जाहीर परीक्षा घेतात. ती किती सेकंदांत वेग घेते, तिचा सर्वाधिक वेग किती, किती अंतरात थांबते आणि वळणावळणांच्या मार्गावर कशी वागते, हे सारे मोजून प्रसिद्ध केले जाते. फोर्डची २०१७ साली जाहीर झालेली गाडी पाठलागास योग्य ठरविलेली पहिली हायब्रिड गाडी म्हणून पुढे आली. तिच्यात २ लिटरचे छोटे इंजिन आणि १·४ युनिट ऊर्जा साठविणारी लिथियम बॅटरी होती. २०२० च्या मोठ्या नमुन्यात ३·३ लिटरचे इंजिन आणि मोटर मिळून ३१८ अश्वशक्ती देत, आणि तिचा सर्वाधिक वेग ताशी २०० किलोमीटरांच्या वर होता. त्याच गाडीच्या ४०० अश्वशक्तीच्या केवळ पेट्रोलवरील नमुन्याशी शर्यत लावली, तर हायब्रिड गाडी मागे पडते, हे आम्ही नाकारीत नाही. प्रश्न इतकाच की, तेवढ्या वेगाची गरज किती वेळा पडते? शिवाय वस्तीतून केलेला भरधाव पाठलाग निरपराध माणसांच्या जिवावर बेततो. म्हणून अनेक ठिकाणच्या पोलिसांनी तो केव्हा करावा आणि केव्हा सोडून द्यावा, याचे कडक नियम केले आहेत. पळणाऱ्या मोटारीच्या पुढे बिनतारी संदेश पोहोचतो. त्याहून वेगवान इंजिन अद्याप कोणी बांधलेले नाही.

आणखी एक आक्षेप सुरक्षिततेचा आहे. गस्तीची गाडी पुष्कळदा हमरस्त्याच्या कडेला उभी असते, आणि मागून येणारे वाहन तिच्यावर आदळण्याचा धोका मोठा असतो. अशा वेळी उच्च दाबाच्या बॅटरीचे काय होणार? फोर्ड आपल्या गस्तीगाड्यांची ताशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटर वेगाने मागून धडक देऊन कसोटी घेते. हायब्रिड गाडीलाही त्या कसोटीतून जावे लागले. अशा गाड्यांतील उच्च दाबाच्या तारांना नारिंगी रंगाचे वेष्टन असते, ते याचसाठी की, अपघातात सापडलेल्यांना सोडविणाऱ्या माणसाने कोणती तार कापू नये, हे त्याला एका दृष्टिक्षेपात कळावे. तथापि तार रंगविली म्हणजे काम संपले, असे नव्हे. अग्निशामक दलाला, दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला आणि स्वतः शिपायाला नवे शिक्षण द्यावे लागते. ज्या खात्याची ते देण्याची तयारी नाही, त्याने हायब्रिड गाडी घेऊ नये, हेच बरे.

मग केवळ विजेवर चालणारी गाडीच का घेऊ नये, असाही प्रश्न निघतो. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शहराच्या पोलिसांनी २०१९ साली अशी एक गाडी गस्तीला ठेवली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका पाठलागात तिच्या चालकाला, बॅटरीत अवघ्या काही मैलांपुरती शक्ती उरली आहे, असे कळवावे लागले आणि पाठलाग दुसऱ्या गाड्यांकडे सोपवावा लागला. पाळी सुरू होण्यापूर्वी ती गाडी पूर्ण भरलेली नव्हती, असे नंतर स्पष्ट झाले. दोष गाडीचा नव्हे, व्यवस्थेचा होता. परंतु पोलिसांच्या पाळ्या एकीला लागून एक अशा असतात, आणि तीच गाडी एका शिपायाकडून दुसऱ्याच्या हाती जाते. तिला तासन्‌तास खुंट्याला बांधून ठेवण्याची सोय नसते. हायब्रिड गाडी कोणत्याही पेट्रोलपंपावर पाच मिनिटांत ताजीतवानी होते. तिचे खरे बळ येथे आहे.

तेव्हा निष्कर्ष काय? शहरातील गस्तीला, जेथे थांबणे फार, उभे राहणे त्याहून फार आणि पाठलाग विरळा, तेथे पाठलागासाठी मुद्दाम बांधलेली हायब्रिड गाडी निःसंशय योग्य आहे. जेथे गाडी दिवसभर मोकळ्या हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने धावते, तेथे तिचा लाभ बराच कमी होतो. कारण तेथे ब्रेकची परतफेड नाही आणि उभे राहण्याची बचतही नाही. डोंगराळ कच्च्या वाटांना, पाण्याचिखलाला आणखी निराळी गाडी लागेल. आणि घरगुती वापराची हायब्रिड गाडी नुसती रंग देऊन व दिवा बसवून पोलिसांच्या हाती देणे, हे तर केव्हाही अयोग्यच. ‘हायब्रिड’ हा शब्द गाडीच्या अंगावर लिहिला म्हणून ती कामाची ठरत नाही. आणि तो नवा आहे म्हणून ती बिनकामाचीही ठरत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडेही पोलिसांच्या गाड्या चौकाचौकांत बंदोबस्ताला उभ्या असतात. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत, निवडणुकीच्या दिवशी, एखाद्या तंग रात्री त्या तासन्‌तास एकाच जागी असतात. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी पोलीस अधिकारी होईल, कोणी नगरपालिकेत बसून खरेदीच्या कागदावर सही करील. तेव्हा विक्रेता तुमच्यापुढे सर्वाधिक वेगाचा आकडा ठेवील. तुम्ही तो अवश्य पाहा. परंतु त्यासोबत त्याला दोन प्रश्न विचारा. ही गाडी दिवसाचा बहुतेक वेळ काय करणार आहे? आणि सर्वांत कठीण मिनिटाला ती काय करील? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मोजून, पुराव्यानिशी जो देईल, त्याचीच गाडी घ्या. पहिल्या प्रश्नावर जनतेचा पैसा अवलंबून आहे, आणि दुसऱ्यावर माणसांचे प्राण.